कसम परेड : नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात अग्निवीर आणि आई-वडिलांची भेट कशी होते?

नाशिकरोड कॅम्पमधील तोफखाना केंद्राच्या फाटकापाशी वर्षातून काही वेळा भल्या सकाळी गर्दी जमते. कोणाच्या हातात लाडवांचा डबा असतो, कोणाच्या कडेवर लहान मूल. कोणी बुलढाण्याहून रात्रीच्या गाडीने आलेले असते, तर कोणी पंजाब, बिहार किंवा केरळमधून दोन दिवसांचा प्रवास करून. आत मैदानावर शेकडो जवान एकाच रांगेत, एकाच उंचीचे वाटावेत असे उभे असतात. घरच्यांचा पहिला अर्धा तास एकाच कामात जातो : यातला आपला कोणता?

या सोहळ्याला वर्तमानपत्रांत दीक्षान्त संचलन किंवा शपथग्रहण सोहळा म्हणतात. लष्कराच्या कागदावर ते ‘अटेस्टेशन परेड’ असते आणि जवानांच्या तोंडी ‘कसम परेड’. या दिवसापासून रिक्रूट, म्हणजेच रंगरूट, कायद्याच्या दृष्टीने पूर्ण सैनिक होतो. याच दिवशी कित्येक महिन्यांनी त्याला घरची माणसे डोळ्यांसमोर दिसतात. एकाच सकाळी या दोन गोष्टी का घडतात, त्या दिवशी नेमके काय होते आणि अग्निपथ योजनेनंतर या भेटीचा अर्थ कसा बदलला, हे या लेखात पाहू.

कसम परेड म्हणजे काय?

भरती होणे आणि शपथ घेणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. निवड झाल्यावर उमेदवाराची सैन्यात नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो आणि प्रशिक्षण सुरू होते. मात्र तो अजून शपथबद्ध झालेला नसतो. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम १७ नुसार, माणूस कामासाठी योग्य ठरल्यावर किंवा ठरलेला परीक्षाकाळ पूर्ण झाल्यावर त्याला त्याच्या दलासमोर शपथ दिली जाते.

या शपथेत काय असावे हेही कायदा सांगतो. भारताच्या संविधानाशी निष्ठा, जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथे पाठवतील तिथे जाण्याची तयारी, आणि वरिष्ठांच्या आज्ञा जिवावर बेतले तरी पाळण्याचे वचन, असे तिचे तीन भाग आहेत. शेवटचा भाग नुसता अलंकारिक नाही. नागरी नोकरीच्या कोणत्याही करारात असे कलम नसते.

शपथ दलासमोर व्हावी, एवढेच कायदा म्हणतो. आई-वडिलांनी हजर राहावे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. कुटुंबाला बोलावणे ही लष्कराने जोपासलेली रीत आहे आणि आज देशातल्या बहुतेक सर्व प्रशिक्षण केंद्रांत ती पाळली जाते. महाराष्ट्रात आणि सीमाभागात असे संचलन खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र, अहिल्यानगरचे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, कामठीचे गार्ड्सचे केंद्र आणि बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या ठिकाणीही होते.

नाशिकमध्ये नेमके कुठे?

बाहेरगावचे पालक इथे हमखास गोंधळतात, कारण नाशिक परिसरात लष्कराच्या तीन मोठ्या संस्था आहेत.

पहिली, नाशिकरोड कॅम्पमधील तोफखाना केंद्र. तोफखान्यात भरती झालेल्या जवानांचे मूळ प्रशिक्षण इथे होते. अग्निवीरांची कसम परेड होते ती इथेच. नाशिक-पुणे रस्त्याला लागून, उपनगर आणि नाशिकरोडच्या पट्ट्यात हा परिसर आहे. तोफखान्याचे असेच दुसरे केंद्र हैदराबादला गोवळकोंडा भागात आहे.

दुसरी, देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी. इथे तोफखान्यातील अधिकारी आणि आधीच सेवेत असलेले जवान पुढचे अभ्यासक्रम करतात. तोफांच्या माऱ्याचे ‘तोपची’ हे वार्षिक प्रात्यक्षिक देवळालीच्या फायरिंग रेंजवर होते.

तिसरी, गांधीनगर येथील लष्करी हवाई प्रशिक्षण शाळा. इथे सैन्याचे हेलिकॉप्टर पायलट तयार होतात.

याशिवाय नाशिकमध्येच महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. तिथल्या उपनिरीक्षकांच्या कार्यक्रमालाही ‘दीक्षान्त संचलन’ असेच म्हणतात. त्यामुळे रिक्षावाल्याला नुसते ‘परेड’ सांगून भागत नाही. निमंत्रणपत्रावर लिहिलेले ठिकाण दाखवावे लागते.

भेटीआधीचे ३१ आठवडे

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली आणि अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तोफखान्यातील अग्निवीराचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे, म्हणजे साधारण सात महिन्यांचे ठरवण्यात आले.

त्यातले पहिले १० आठवडे मूलभूत लष्करी प्रशिक्षणाचे असतात. पहाटे उठणे, पी.टी., ड्रिल, रायफल उघडून साफ करणे आणि पुन्हा जोडणे, गोळीबार, नकाशावाचन. गावाकडच्या मैदानावर धावण्याचा सराव करून आलेल्या मुलालाही इथली पहिली परीक्षा धावण्याची वाटत नाही. घड्याळ्याप्रमाणे जगणे, अंथरूण सुरकुती न ठेवता लावणे आणि उस्तादाच्या एका शब्दावर हलणे हेच आधी जड जाते. ड्रिल शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला फौजेत ‘उस्ताद’ म्हणतात. चूक झाली की मिळणारी जादा मेहनत म्हणजे ‘रगडा’. सुट्टीवर आलेल्या जवानाच्या बोलण्यात हे दोन शब्द पुढे आयुष्यभर येतात.

उरलेले २१ आठवडे ज्याच्या त्याच्या कामाचे असतात. गनर तोफेवर काम करतो. टेक्निकल असिस्टंट गोळा कुठे पडावा याचे गणित मांडतो. त्यात अंतर, दिशा, उंची आणि हवामान हे सगळे धरावे लागते. रेडिओ ऑपरेटर पुढे बसलेल्या निरीक्षकाचा निरोप तोफेपर्यंत पोहोचवतो. ड्रायव्हर तोफ ओढणारी अवजड वाहने चालवतो. तोफ डागणारा माणूस बहुधा लक्ष्य पाहत नाही, ते काही किलोमीटर दूर असते. त्यामुळे या चौघांपैकी एकाची चूक सगळ्यांची चूक ठरते.

या काळात मोबाईलचा वापर मर्यादित असतो. घरच्यांना आवाज ऐकू येतो तोही ठरलेल्या वेळेत आणि थोडा वेळ. त्या दोन-चार मिनिटांत मुलगा ‘सगळं ठीक आहे’ एवढेच म्हणतो आणि आई जेवलास का एवढेच विचारते. बाकी सगळे परेडच्या दिवसापर्यंत राहून जाते.

ज्यांना लष्करी घराण्याची पार्श्वभूमी नाही, त्यांच्यासाठी हा काळ अधिक कठीण जातो. माजी सैनिकाच्या घरात रगडा, पत्र न येणे, वजन उतरणे या गोष्टींचा अर्थ कोणीतरी सांगू शकते. पहिल्यांदाच मुलगा पाठवणाऱ्या घराला प्रत्येक शांत आठवडा काळजीचा वाटतो.

परेडच्या दिवशी काय होते?

संचलनाचा क्रम ठरलेला असतो. पाहुणे आणि पालक आधी जागेवर बसतात. मग बँडच्या तालावर तुकड्या मैदानात येतात. आज्ञा हिंदीत असतात : ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘तेज चल’. संचलनाचे निरीक्षण करणारे वरिष्ठ अधिकारी येतात, त्यांना सलामी दिली जाते आणि ते रांगांची पाहणी करतात.

त्यानंतर शपथ होते. राष्ट्रध्वज आणि तोफा समोर असतात. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे लष्कराचे धर्मगुरू आपापले धर्मग्रंथ घेऊन उभे असतात. शेकडो आवाज एकदम शपथेचे शब्द उच्चारतात. मैदानावरचा हा भाग काही मिनिटांचाच असतो, पण कायद्याने पाहिले तर दिवसाचे सगळे महत्त्व एवढ्याच मिनिटांत आहे.

पुढे तुकड्या सलामी मंचासमोरून जातात. ‘दाहिने देख’ ही आज्ञा झाली की सगळ्यांच्या माना एकदम मंचाकडे वळतात. घरच्यांना नेमके याच वेळी चेहरे दिसतात आणि बऱ्याचदा आपला मुलगा तेव्हाच सापडतो. ड्रिल, शारीरिक क्षमता, गोळीबार अशा विषयांत अव्वल आलेल्यांना पारितोषिके मिळतात, निरीक्षण अधिकाऱ्यांचे भाषण होते आणि तुकड्या मैदानाबाहेर जातात.

शिस्तीचा भाग इथे संपतो आणि दोर सुटल्यासारखी माणसे एकमेकांकडे धावतात. नमस्कार, मिठ्या, रडणे, फोटो हे सगळे एकदम सुरू होते. अनेक जवान आपली टोपी काढून आईच्या डोक्यावर ठेवतात. काही जण आई-वडिलांपुढे कडक सॅल्यूट ठोकतात आणि मग वाकून पाया पडतात. आधी नव्याने शिकलेली रीत, मग जुनी. यातले काहीही कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसते.

तोफ साक्षीला का?

पायदळाच्या पलटणीला स्वतःचे निशाण असते आणि त्या निशाणाचा मान सर्वांत मोठा मानला जातो. तोफखान्यात तोफ हेच निशाण मानतात. म्हणून इथल्या जवानाच्या शपथेला तोफ साक्षीला असते. लढाईत तोफ शत्रूच्या हाती पडू देणे ही निशाण गमावण्याइतकी मोठी नामुष्की समजली जाते.

तोफखान्याचे बोधवाक्य ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’ असे आहे, म्हणजे सगळीकडे मान आणि कीर्ती. २८ सप्टेंबर हा ‘गनर्स डे’ म्हणून पाळला जातो, कारण १८२७ मध्ये त्या दिवशी पाचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी उभी राहिली. आजच्या भारतीय तोफखान्याची परंपरा या मुंबई इलाख्याच्या बॅटरीपासून मोजली जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, डिसेंबर १९४४ मध्ये, तोफखान्याचे हवालदार उमराव सिंग यांनी आपली तोफ वाचवण्यासाठी हातघाईची झुंज दिली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोफ सोडायची नाही, हे मैदानावर उच्चारलेले वाक्य कधी प्रत्यक्षात कसे उतरले, याचे उदाहरण म्हणून नव्या जवानांना ही गोष्ट सांगितली जाते.

गौरव पदक कशासाठी?

कसम परेडच्या दिवशी पालकांना ‘गौरव पदक’ दिले जाते. हे पदक जवानाचे नसून त्याच्या आई-वडिलांचे असते. मुलाला सैन्यात पाठवल्याबद्दल लष्कराने मानलेले ते आभार. ते शौर्य पदक नाही आणि त्याच्यासोबत पैसे किंवा सवलत मिळत नाही. तरीही गावाकडच्या घरात ते मुलाच्या फोटोशेजारी काचेत लावलेले दिसते.

या पदकाला एक जुनी बाजू आहे. अग्निपथ योजनेत वयाची खालची मर्यादा साडेसतरा वर्षे आहे. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या नोंदणी अर्जावर पालकाची सही लागते. म्हणजे बऱ्याच घरांत मुलाला पाठवण्याचा निर्णय आई किंवा वडिलांच्या सहीने झालेला असतो. त्या सहीला उत्तर म्हणून सात महिन्यांनी पालकांच्या छातीवर पदक लागते, असे या रीतीकडे पाहता येते.

भेटायला येणारे बहुधा आई, वडील, भावंडे आणि आजी-आजोबाच का असतात, याचेही कारण नियमांत आहे. अग्निवीर म्हणून भरती होताना उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या सेवाकाळातही लग्न करता येत नाही. तोफखाना केंद्रात येणारे अग्निवीर मुलगेच असतात. सैन्यात महिला अग्निवीर लष्करी पोलीस दलात घेतल्या जातात आणि त्यांचे प्रशिक्षण बेंगळुरूला होते.

इतर ठिकाणी भेट कशी होते?

अधिकाऱ्यांच्या बाबतीत कुटुंबाचा वाटा सोहळ्यातच ठेवलेला असतो. संचलनानंतर नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे तारे आई-वडील किंवा जवळची व्यक्ती उघडी करते. याला ‘पिपिंग’ म्हणतात. डेहराडून आणि चेन्नईच्या अकादम्यांत हे दृश्य दरवेळी दिसते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणारे कॅडेट मात्र तेव्हाच अधिकारी होत नाहीत. ते पुढे आपापल्या दलाच्या अकादमीत जातात. याच प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्ससोबत बाहेर पडली. तीत १७ मुली होत्या.

ताऱ्यांच्या या रीतीत एक जागा कधी कधी रिकामी असते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरच्या कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन मुलांपासून दूर राहून चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये शहीद झालेले मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे याही नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच अकादमीतून अधिकारी झाल्या. ज्याने तारे उघडायचे तोच नसताना हा दिवस साजरा करणारी ही कुटुंबे आहेत.

नाशिकच्या गांधीनगरमध्ये ताऱ्यांऐवजी ‘विंग’ मिळतात. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांना इथे विंग मिळाल्या आणि त्या सैन्याच्या हवाई दलातील पहिल्या महिला लढाऊ पायलट ठरल्या. त्या निवृत्त कर्नलच्या कन्या आहेत. नौदलाच्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे संचलन २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील आयएनएस चिल्का इथे झाले, तेही प्रथेपेक्षा वेगळे, सूर्यास्तानंतर.

अमेरिकेत या भेटीलाच नियमात बसवले आहे. तिथे पदवीदानाआधी ‘फॅमिली डे’ असतो. हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर तर संचलन संपले तरी जवान जागेवर ताठ उभा राहतो. घरचे कोणी येऊन खांद्याला हात लावेपर्यंत त्याने हलायचे नाही. याला ‘टॅप आउट’ म्हणतात. ज्याचे कोणी आलेले नसते त्याला दुसऱ्या एखाद्या जवानाचे कुटुंब किंवा सहकारी हात लावून मोकळे करतात. आपल्याकडे असा नियम नाही, पण ज्याच्या घरचे येऊ शकले नाहीत तो मित्राच्या आईने आणलेल्या डब्यातला लाडू खाताना नाशिकरोडलाही दिसतो.

चार वर्षांचा हिशेब

२०२२ पूर्वी जवान म्हणून भरती झालेल्या मुलाला १५ वर्षे सेवा झाली की पेन्शन मिळत असे. कसम परेडला आलेले कुटुंब घरी जाताना मुलाची नोकरी पक्की झाली, या समाधानात जात असे. अग्निवीराची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते. त्यानंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते. उरलेले बाहेर पडतात आणि त्यांना पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी नसते.

पैशांचा हिशेब असा आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये ठरलेले आहेत. यातील ३० टक्के रक्कम सेवा निधीत कापली जाते, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात. चार वर्षांत जवानाचे सुमारे ५.०२ लाख जमा होतात आणि सरकार तेवढीच भर घालते. व्याजासह चार वर्षांनंतर मिळणारी रक्कम सुमारे ११.७१ लाख रुपये आहे आणि तिच्यावर प्राप्तिकर नाही. वर्षाला ३० दिवस रजा असते.

म्हणजे सात महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर मैदानावर भेटलेल्या मुलापुढे साधारण तीन वर्षे पाच महिने उरलेले असतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. त्यामुळे आज परेडला आलेल्या वडिलांच्या मनात अभिमानासोबत ‘पुढे काय’ हा प्रश्नही असतो. संचलनाच्या दिवशी तो बहुधा कोणी बोलून दाखवत नाही.

शपथेतल्या शब्दांची किंमत

प्रशिक्षणाचा काळही पूर्णपणे सुरक्षित नसतो. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीच्या फायरिंग रेंजवर सरावादरम्यान तोफगोळ्याचा स्फोट झाला आणि हैदराबादच्या केंद्रातून आलेल्या दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. ते विशीतले होते.

शपथेनंतर काय असू शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे अक्षय गवते हे अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. घाटकोपरच्या कामराजनगरमध्ये वाढलेले मुरली नाईक २०२२ च्या अखेरीस अग्निवीर झाले, नाशिकमध्ये तयार झाले आणि तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या माऱ्यात ते शहीद झाले.

सेवेमुळे मृत्यू आल्यास अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचे विमा संरक्षण, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, चार वर्षांतील उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधीतील रक्कम मिळते. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र अग्निवीराला लागू नाही. या फरकावर संसदेत आणि संसदेबाहेर वाद झाले आहेत.

परेडला येणाऱ्या प्रत्येक आईला हे आकडे ठाऊक नसतात. पण ‘जिवावर बेतले तरी’ हे शब्द मैदानावर शेकडो तोंडांतून एकदम ऐकताना त्यांचा अर्थ कळायला आकड्यांची गरज पडत नाही.

येणाऱ्या कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

तारीख आणि वेळ केंद्राकडून आलेल्या निरोपावरूनच पक्की करावी. संचलनाची तारीख पुढे-मागे होऊ शकते, म्हणून परतीचे तिकीट त्याच दुपारचे काढू नये.

प्रत्येकाने स्वतःचे मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. छावणीत प्रवेश तपासणीनंतरच मिळतो. किती जणांना परवानगी आहे हे निमंत्रणात पाहावे. सगळी भावकी घेऊन आल्यास काहींना फाटकाबाहेर थांबावे लागते.

रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्थानकावर उतरावे. मुंबईकडून येताना देवळाली स्थानक आधी लागते. ‘देवळाली कॅम्प’ ऐकून तिथेच उतरणारे बरेच असतात. नाशिक शहरातून यायचे तर द्वारकामार्गे नाशिकरोडकडे जाणाऱ्या बस आणि रिक्षा मिळतात.

मोबाईल, कॅमेरा आणि फोटो कुठे काढायचे याबद्दल केंद्राच्या सूचना पाळाव्यात. मैदानावर परवानगी असली तरी आतील इमारती, वाहने आणि शस्त्रे यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मुलाची रेजिमेंट, ठिकाण आणि पुढच्या नेमणुकीची माहितीही लिहू नये.

संचलन उघड्या मैदानावर होते. आजी-आजोबांसाठी पाणी, टोपी आणि औषधे जवळ ठेवावीत. मुलगा मैदानात सावध उभा असताना त्याला हाक मारू नये. तो वळून बघू शकत नाही, आणि न वळल्याचे त्याला नंतर वाईट वाटते.

भेटीनंतर

कसम परेडनंतर जवानांना सहसा काही दिवसांची रजा मिळते आणि मग ते आपल्या रेजिमेंटमध्ये रुजू होतात. ती जम्मूत असेल, आसामात असेल किंवा वाळवंटात. काळी लोखंडी पेटी घेऊन मुलगा त्याच नाशिकरोड स्थानकावरून घरच्यांसोबत गाडीत बसतो.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना जुळवून घ्यावे लागते. मुलगा पहाटे उठून अंथरूण घडी करून ठेवतो, ताटातले टाकत नाही, मोठ्याने बोलतो आणि बोलताना मध्येच हिंदी शब्द येतात. आईला वाटते तो बारीक झाला, वडिलांना वाटते तो थोडा गप्प झाला. विचारले तर तो रगड्याच्या गमतीच सांगतो, अवघड दिवसांबद्दल सांगत नाही. जाणकार माजी सैनिक अशा घरांना एकच सल्ला देतात : लगेच गावभर सत्काराला फिरवू नका, दोन दिवस त्याला झोपू द्या.

रजा संपली की दुसरा निरोप येतो. पहिल्या वेळी घरच्यांनी एका उमेदवाराला सोडले होते. या वेळी निघणारा सैनिक असतो आणि त्याने कशाची शपथ घेतली हे घरच्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते. कायद्याला ही शपथ दलासमोर घेतलेली पुरते. आई-वडिलांनाही ती ऐकवायची, हे लष्कराने स्वतःहून ठरवले आहे.